नाव पारंपरिक हवं, पण ओळखीचं नको

हल्लीच्या आईबापांना विचारा, मुलीचं नाव काय ठेवणार? उत्तर तयार असतं. पारंपरिक हवं, पण वेगळं हवं. जुनं हवं, पण जुनाट नको. छोटं हवं, अर्थ चांगला हवा, परदेशात उच्चारता आलं पाहिजे आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. एवढ्या अटी घालून पूर्वी कुणी मुलीसाठी नवराही शोधत नसे.

या सगळ्यांत ‘पारंपरिक’ ही अट दिसायला सोज्वळ आणि वागायला महाखट्याळ. कारण घरातली परंपरा म्हणजे शेवटी आई, काकू, मावशी आणि आत्या. त्यांची नावं सुनंदा, मंगला, कुसुम, शकुंतला, विमल. यातलं एखादं नाव नुसतं उच्चारलं तरी बाळाची आई पाळण्यावर हात आडवा धरते, न जाणो नाव उडून येऊन पोरीवर बसायचं. कुसुम म्हणजे खिडकीपलीकडून ‘उद्या या’ म्हणणाऱ्या बाई. सुनंदा म्हणजे शिवणाच्या तासाला केलेली काजं पुन्हा उसवायला लावणाऱ्या बाई. विमल हे नाव तर आधी साडीवाल्यांनी नेलं आणि उरलंसुरलं पुडीवाल्यांनी. त्याउलट मुक्ता, सई, रमा, जिजा म्हणून बघा. डोळ्यांपुढे बाई येतच नाही, फक्त नथ येते.

थोडक्यात परंपरा हवी, पण ओळखीच्या बाईने वापरलेली नको. नाव किमान दोन पिढ्या रिकामं पडलेलं असावं लागतं. आईचं कदापि नाही, आजीचं जरा दमाने, पणजीचं चालेल, आणि खापरपणजीचं सापडलं तर सोन्याहून पिवळं, कारण तिच्याविषयी चार खऱ्या गोष्टी सांगणारं माणूस शिल्लक नसतं.

आमच्या दादाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. बारशात आत्याचं पद राष्ट्रपतींसारखं. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव जाहीर करायचं मी, पाठीत धपाटे खायचे मी, सगळ्यांच्या देखत तोंडघशी पडायचं तर तेही मी, आणि नाव ठरवायचं मंत्रिमंडळाने. मंत्रिमंडळ तीन गावांत विखुरलेलं. आम्ही ठाण्याचे, वहिनीचं माहेर कोल्हापूर आणि तिची बहीण न्यू जर्सीत. बैठका फोनवर व्हायच्या, आणि बाळ सोडून सगळे रडकुंडीला यायचे.

पहिलं पाऊल अर्थातच गुरुजी. अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं. बाळ ज्या चरणावर जन्मलं ते अक्षर त्याच्या नावाला. अश्विनीवर जन्मलेल्यांचं नशीब चांगलं म्हणायचं तर त्यांना चू, चे, चो आणि ला. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ. उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. ज्यांनी हे चक्र बसवलं त्यांना पुढे याच्यावरून पोरांची नावं ठेवायची आहेत हे बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं. आमची कन्या हस्ताच्या तिसऱ्या चरणावर अवतरली. अक्षर ‘ण’.

‘ण’वरून सुरू होणारा शब्द मराठीत शोधून दाखवावा, मी स्वखर्चाने घुगऱ्या वाटीन. गुरुजी मात्र अशा प्रसंगांना सरावलेले. म्हणाले, “ण सोडा, कन्या राशीची प आणि ठ आहेत की. आणि हे नावरस नाव. पत्रिकेत राहतं. हाक मारायचं तुम्हाला आवडेल ते ठेवा.” यावर बाबांनी रास्त प्रश्न विचारला, की मग अक्षर काढलं कशाला? गुरुजींनी दक्षिणेकडे बघितलं. दिशा नव्हे.

‘ठ’ ऐकल्यावर मात्र मी उठून बसले, कारण ठकूबाई! पारंपरिक म्हणजे किती पारंपरिक, पूर्वी घरटी एक ठकी असायची आणि मुलींच्या खेळातल्या लाकडी बाहुलीलाही ठकीच म्हणायचे. अक्षर जुळतंय, छोटं आहे, वर्गात दुसरी असण्याची शक्यता शून्य, परदेशातही फार तर ‘टकी’ होईल. सगळ्या अटींत चपखल बसणारं नाव मी पाच मिनिटांत काढून दिलं. फोनवर इतकी शांतता पसरली की न्यू जर्सीतला पंखा ऐकू आला. “ताई गंमत करतायत,” असं वहिनीने तिकडे कळवलं. म्हणजे वेगळं हवं, तेही चारचौघींसारखं.

मग शास्त्र आलं. आईचे मामा, ज्यांना आम्ही नानामामा म्हणतो, ते निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी पारस्कर गृह्यसूत्राचा दाखला दिला, की मुलीच्या नावात अक्षरं विषम हवीत आणि शेवट आकारान्त हवा. तीन उत्तम, पाच चालतील, दोन वर्ज्य. या एका फटक्यात रमा, उमा, सई, ओवी, इरा, रेवा, जिजा आणि माझी ठकी गारद झाल्या. शिवाय मनुस्मृतीचंही एक कलम काढलं : नदी, नक्षत्र, झाड, पक्षी, डोंगर यांच्या नावाची मुलगी लग्नाला करू नये.

हे ऐकून आई बघतच राहिली. तिच्या माहेरी गोदावरी, सिंधू आणि नर्मदा अशा तीन आत्या, चुलत घरात रोहिणी आणि तुळसा, शेजारी मैना. सगळ्यांची लग्नं झालेली, सगळ्यांचे नवरे मुठीत. महाराष्ट्राने मनूचं हे कलम मुळात वाचलंच नसावं, किंवा वाचून नेमकं उलटं केलं असावं. कृष्णाकाठी कृष्णाबाई, गोदेकाठी गोदूताई, पंढरपुराकडे चंद्रभागा, खानदेशात तापीबाई. धरणं बांधून जेवढं पाणी अडलं नाही तेवढं आपण मुलींच्या नावांत साठवलं. “मामा, मग मनूच्या हिशेबाने नर्मदाआत्याचं काय?” आईने विचारलं. नानामामा म्हणाले, “तिच्या बाबतीत मनू अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही.”

कोल्हापूरकरांचा मुद्दा साधा होता. वहिनीचे वडील म्हणाले, “तारा ठेवा की! विषय संपला. राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाला सात वर्षं पाणी पाजलं बाईनं. कावळा नाक्यावर बघा, घोड्यावर बसलीय.” आता यावर काय बोलणार? विरोध करावा तर स्वराज्याचा द्रोह. आईने हळूच, “तारा म्हटलं की तारांबळ आठवते हो,” एवढंच म्हटलं, तर तिकडून, “मंगला म्हटलं की काय आठवतं ते बोलू का?” असं आलं. नानामामांनी ‘दोन अक्षरं’ म्हणून हरकत घेतली. कोल्हापूरने तत्काळ ‘ताराऊ’ करून तीन भरून दिली. गृह्यसूत्रकारांनाही अशी पळवाट सुचली नसती.

आईचं नाव निघालंच आहे तर सांगते. बाबांनी एकदा सगळ्यांसमोर, भीत भीत, ‘मंगला ठेवलं तर?’ असं म्हटलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्याकडून झालेला हा पहिला प्रेमाचा जाहीर उद्गार. आई लाजली. पण वहिनीने व्यवहार दाखवला. “बाबा, नाव छानच आहे. पण उद्या तिने भिंतीवर रेघोट्या मारल्या तर मी काय ओरडू? ‘मंगले, कान पिरगाळीन’? आई तिथेच झोपाळ्यावर बसलेल्या असणार.” ही अडचण नवी नाही. सासूचं नाव घ्यायचं नाही अशी रीत असताना नातीला तेच नाव ठेवण्याचीही रीत होती. म्हणून तर जुन्या घरांत एवढ्या बाया, बायजा, माई, अक्का आणि ठमी सापडतात. खरं नाव पत्रिकेत, आणि घरात ‘ए बाय, इकडे ये’.

यानंतर सुरू झालं बाद करण्याचं सत्र. नाव सुचवायला एक माणूस लागतं, बाद करायला कुणीही चालतं. वसुधा बाबांच्या साहेबीण होत्या. पुष्पा म्हटलं की लोक सिनेमातल्यासारखी हनुवटी घासतात. रजनी रात्रपाळीचं वाटतं. लतावर आजीच्या पिढीचा एकगठ्ठा कब्जा. खुद्द लता मंगेशकरांचं पाळण्यातलं नाव हेमा. वडिलांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून लता झालं. त्या एका बदलापायी पुढे घराघरांत इतक्या लता उगवल्या की आमच्या इमारतीत अजून ‘दुसऱ्या मजल्यावरच्या लताकाकू’ असंच म्हणावं लागतं. मृणाल हे नाव दादाने ऐकताक्षणी, काहीही कारण न देता, जरा जास्तच जोरात बाद केलं. कुणाला काही कळलं नाही. वहिनीला कळलं. “राहू दे की, गोड आहे,” असं ती पुढचे दोन दिवस अधूनमधून म्हणत राहिली.

न्यू जर्सीची कलमं वेगळीच. ऋ नको, ज्ञ नको, ळ तर नकोच. ऋतुजा, मृण्मयी, ज्ञानदा या मुली तिकडे निम्मं आयुष्य स्पेलिंग सांगण्यात घालवतात म्हणे, ‘डी फॉर डॉग, एन फॉर नॅन्सी’ करत. मावशीने स्वतःची यादी पाठवली : कियारा, मायरा, आयरा, शनाया. “सगळी संस्कृत आहेत,” असा शेराही होता. हल्ली एक गंमत माझ्या लक्षात आली आहे. ज्या नावाचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही ते दुर्गेचं नाव असतं. दुर्गेचं नसलं तर ‘सूर्याचा पहिला किरण’. ललितासहस्रनामात देवीची हजार नावं आहेत ही गोष्ट या मंडळींच्या पथ्यावर पडली. हजारातलं हे नाही असं कोण छातीठोक सांगणार? नानामामा सांगू शकले असते, पण ते शनायावरच अडकले होते. “शनीपासून का?” असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आईने त्यांना ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मालिकेत शनाया कोण होती ते सविस्तर सांगितलं. मग त्यांना शनी सौम्य वाटू लागला.

आमच्या आजीकडे, म्हणजे बाळाच्या पणजीकडे, नावाची एकच कसोटी. दूध उतू जातंय, हात कणकेत आहेत, पोरगी गॅलरीत आहे. मारा हाक. नावाला शेवटी ‘ए’ लागून ते एका झटक्यात गॅलरीपर्यंत पोचलं पाहिजे. गोदावरी लांबलचक, पण ‘गोदे’ म्हटलं की काम फत्ते. काशीबाईची काशे, सगुणेची सगे. ‘अद्विके’ म्हणेपर्यंत दूध ओट्यावर. ‘कियारे’मध्ये कोण आलंय ते विचारल्यासारखं वाटतं. आणि आयराला हाक मारली तर तळमजल्यावरचे आयरे वर बघतात, हे आजीने प्रत्यक्ष गॅलरीत जाऊन सिद्ध केलं. आयरेकाका वर आलेही. आल्यासरशी चहा पिऊन, स्वतःकडून ‘वैदेही’ सुचवून गेले. वैदेही त्यांच्या नातीचं नाव. त्यांना ते इतकं आवडतं की जगातल्या सगळ्या मुलींचं असावं असं त्यांना वाटतं.

संतांच्या घरात मात्र मी मनापासून रमले होते. मुक्ता आणि जनी आता पुन्हा चलनात आल्या आहेत. पण नामदेवांचं घर बघा. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई आणि चार सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. एवढ्या गोड सुना एका घरात मिळाल्यावर माणूस पंजाबपर्यंत निर्धास्त फिरला तर नवल काय? साखराई मी सुचवलंही. दादा म्हणाला, आपल्या घरात तिघांना डायबेटिस आहे.

एक नाव मी सुचवलं नाही, आणि तेही पक्कं पारंपरिक आहे. नकुसा. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने अशा दोनशेहून अधिक मुली शोधून काढल्या आणि समारंभ करून त्यांना नवी नावं दिली. मुलावर मुलगा वाचत नसला की दृष्ट लागू नये म्हणून त्याला दगडू, धोंडू म्हणायचे. त्यात निदान दगडासारखा टिकावा ही आशा तरी होती. नकुसा म्हणजे सरळ नकाराची पावती, आणि ती पोरीने शाळेच्या हजेरीत रोज ‘उपस्थित’ म्हणून वाचून दाखवायची. परंपरा परंपरा म्हणून कुणी फार गहिवरलं की मला त्या हजेरीपटाची आठवण होते. असो.

जुन्या लोकांना मुलीच्या नावाचा एवढा घोर कधीच नव्हता, याचं कारण उघड आहे. ते नाव फक्त लग्नापर्यंत वापरायचं असे. मग ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरं लिहिलं जाई. लोकमान्य टिळकांच्या घरात तापी आली ती सत्यभामा झाली. मनकर्णिका गोखले नारायण वामन टिळकांच्या घरात जाऊन लक्ष्मीबाई झाली, म्हणून ‘स्मृतिचित्रे’वर ते नाव आहे. महर्षी कर्व्यांच्या घरी गोदूची आनंदी झाली. आणि यमुना तर जणू बदलण्यासाठीच ठेवत. कल्याणच्या जोश्यांची यमुना पुढे डॉक्टर आनंदीबाई झाली, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. हरिभाऊ आपट्यांनीही ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या नायिकेला यमुनाच म्हटलं. त्या काळात दगड मारला तर एखाद्या यमूला लागला असता. आईबापांनी नाव ठेवायचं, दहा-बारा वर्षं वापरायचं आणि सासरच्यांनी पुसून टाकायचं, एवढ्यासाठी एकशे आठ अक्षरं कोण धुंडाळील?

आता तसं नाही. आता नाव आधार कार्डापासून पासपोर्टापर्यंत चिकटतं, नवरा बदलला तरी बदलत नाही. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. वहिनीने हा नियम छापून फ्रिजवर लावला. “माझ्या नावाला लागून येणार आहे ते. म्हणून बघा आधी.” त्या दिवसापासून प्रत्येक उमेदवार नाव वहिनीच्या नावापुढे जोडून मोठ्याने म्हटलं जाऊ लागलं आणि दादाचं नाव तिसऱ्या क्रमांकावर पुटपुटलं जाऊ लागलं. दादाने सूड म्हणून दुसरा नियम शोधला : जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव घातलं तर उशिराचं शुल्क नाही, आणि शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. “तोवर तिलाच विचारू,” तो म्हणाला. त्याला त्या रात्री बाळाचे लंगोट धुवायला लावले.

चाळणीतून शेवटी दोन नावं खाली पडली. वहिनीला यमुना हवं होतं, दादाला इंदिरा. दोन्ही तीन अक्षरी, आकारान्त, दूध उतू जाताना हाक मारण्याजोगी. आणि दोन्ही आजीचीच! माहेरी ती यमुना, सासरी इंदिरा. एका बाईच्या दोन नावांत पुढचा आठवडाभर नवरा-बायकोंचं युद्ध चाललं. यमुना म्हणजे यमाची बहीण, असं आई म्हणाली. मग भाऊबीज कुणामुळे आली, असं नानामामांनी विचारलं. यमाला तिने जेवायला बोलावलं म्हणून तर ती यमद्वितीया. न्यू जर्सीहून कळलं की यमुनेची तिकडे ‘यम यम’ होईल आणि मुलं तिला डब्यातला खाऊ समजतील. इंदिरा म्हटलं की बाबांना आणीबाणी आठवायची. दादाचा डाव खरा वेगळाच होता. कागदावर इंदिरा, हाक मारायला इरा. म्हणजे घरच्यांना परंपरा मिळाली आणि मित्रांना दोन अक्षरं.

मधल्या काळात माळ्यावरून भांडी निघाली, बारशाला लागतात म्हणून. तांब्याचं घंगाळ, पितळी पराती, तांब्यांचा ढीग. सगळ्यांच्या काठांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं : ‘सौ. इंदिरा हिस’. पुढे मामा, काका, अमुक मंडळ, कुणी दिलं ते. एका परातीवर कोरणाऱ्याने ‘इदिंरा’ केलं होतं, अनुस्वार एक घर पुढे सरकलेला. दादा घंगाळ घेऊन दिवाणखान्यात आला आणि पुरावा म्हणून मध्यभागी ठेवलं. “हे बघा. एकही भांडं नव्याने कोरायला नको.” युक्तिवाद बिनतोड होता. यमुनेकडे दाखवायला एक चमचासुद्धा नव्हता. वहिनीने माघार घेतली.

आता, ज्या बाईच्या दोन नावांवर एवढं रण माजलं तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की आजी कृतकृत्य झाली असणार. नव्वदी ओलांडलेली, कानाने थोडी कमी, पण आपल्याला हवं ते बरोबर ऐकणारी. मी तिच्याजवळ बसून मोठ्याने सांगितलं, “आजी, तुझंच नाव ठेवतोय!”

“कुठलं?”

“इंदिरा.”

“ते माझं कुठे? ते सासऱ्यांचं.”

“मग यमुना?”

“ते वडिलांचं.”

वहिनी बाळाला थोपटता थोपटता थांबली. आजीने पदर सारखा केला. “मला शोभना हवं होतं,” ती म्हणाली. “रामराज्य लागला होता. शोभना समर्थ सीता झाली होती. मी दहा-अकराची असेन. तेव्हा ठरवून ठेवलं, लग्नात नाव बदलतातच, तर आपलं शोभना ठेवायला सांगायचं. गांधीजींनीसुद्धा बघितलाय तो सिनेमा, तेव्हा कुणी नाही म्हणणार नाही.”

“मग सांगितलं का नाहीस आजोबांना?”

“सांगू कशी? बोललेच नव्हते अजून त्यांच्याशी. ताटात त्यांनी इंदिरा लिहिलं, मी वाचलं. अक्षर बरं होतं.”

क्षणभर सगळे गप्प. मग मंत्रिमंडळाने, सवयीने, शोभना तपासायला घेतलं. तीन अक्षरं, आकारान्त, नदी नाही, डोंगर नाही. ऋ नाही, ळ नाही. ‘शोभे’ अशी हाक गॅलरीपर्यंत सहज पोचते. नानामामांनी मान डोलावली. पहिल्यांदाच सगळ्या गावांतून एकही हरकत आली नाही. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “शोभना म्हणजे आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई ना? पार्किंगवरून भांडणाऱ्या?”

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या, वरवंटा इकडून तिकडे फिरला, मी वाकून कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे बसले, त्यातले दोन वहिनीच्या मावसबहिणीने मनातलं काहीतरी काढून घातलेले होते, आणि मी मोठ्याने ‘इंदिरा’ म्हटलं. घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली नाही तोच कोल्हापूरची मंडळी पोचली. गाडी पुणे ओलांडताना अडकली होती. वहिनीच्या वडिलांनी पिशवीतून मखमली डबी काढून आईच्या हातात दिली. आत चांदीची वाटी आणि चमचा, सुबक, जड. वाटीच्या पोटावर नागमोडी अक्षरांत कोरलं होतं : ‘चि. तारा’.

“गुजरीत गर्दी असते हो,” ते म्हणाले. “आधीच टाकून ठेवलं.”

आईने वाटी बाबांकडे दिली, बाबांनी दादाकडे, दादाने वहिनीकडे न बघता ती आजीच्या हातात ठेवली. आजीने चष्मा पुसला, वाटी उजेडाकडे धरली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि व्याह्यांना जवळ बोलावून विचारलं, “काम छान आहे हो. शोभना लिहायला किती घेतील?”